शेऱ्याच्या रकान्यातला हिरवा दाणा

पदनाम: खनिज निवडणी सहायक, श्रेणी दोन. लिंग: स्त्री. रुजू होतेवेळी वय: बावीस वर्षे पाच महिने. उंची: एकशे बावन्न सेंटीमीटर. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर तीळ. दृष्टी: चष्म्याविना उत्तम, ही नोंद पुढे दोनदा दुरुस्त. वैवाहिक स्थिती: निरंक. वर्तणूक: समाधानकारक. विशेष प्रावीण्य: निरंक. सबब, सदर कर्मचारी नेमून दिलेले काम करण्यास पात्र असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.

सेवापुस्तकातल्या या पानावर एकही खोटी गोष्ट नाही. ‘विशेष प्रावीण्य: निरंक’ हेसुद्धा खोटं म्हणता येत नाही. तो रकाना भरायचा म्हणजे कोणीतरी बाईंच्या टेबलापर्यंत चालत जायला हवं होतं, आणि टेबल दुसऱ्या मजल्याच्या पार टोकाला, हात धुण्याच्या मोरीला लागून होतं. कार्यालयात त्यांना दाणेबाई म्हणत. तोंडावर ‘बाई’, माघारी ‘दाणेबाई’, आणि वर्षअखेरीच्या यादीत ‘निवडणी (एक पद)’.

काम असं होतं. ओढ्या-नाल्यांतली वाळू लहान पिशव्यांतून येई. ती धुवायची, वाळवायची आणि जड द्रवात ओतायची. या द्रवाला गोडसर, डोकं धरणारा वास असतो. साधी वाळू त्यावर तरंगते आणि वजनदार दाणे तळाशी जाऊन बसतात. तळातले दाणे काचेच्या बशीत पसरायचे, मायक्रोस्कोपखाली सरकवायचे, आणि जिभेला लावून ओल्या केलेल्या बारीक ब्रशाने एकेक उचलून जातवार वेगळे करायचे. जिभेला लावू नये असा नियम होता. पण पाण्यात बुडवलेला ब्रश दाणा उचलतो आणि सोडत नाही, हे नियम करणाऱ्याला माहीत नव्हतं. तीनशे दाणे मोजले की एक नमुना संपला. दिवसाला तीन नमुने. शिंक आली तर मान डावीकडे वळवायची. पस्तीस वर्षांच्या नोकरीत दाणेबाई टेबलाकडे तोंड करून एकदाही शिंकल्या नाहीत, याची नोंद कुठेही नाही.

या दाण्यांमध्ये त्यांचा एक खास होता. लाडका म्हणता येणार नाही. एखाद्या खोडकर नातेवाइकावर जसा आपण डोळा ठेवतो तसा. निळसर हिरवा, इतका गडद की बशीत काळाच वाटावा. पण खालून उजेड सोडला की पातळ कडेला जुन्या औषधाच्या बाटलीसारखा हिरवा रंग उमटे. आकार दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा, आठ बाजूंचा. गारेवर घासला तर गारेला चरा पडे, याला नाही. उजेडाची एकच दिशा जाऊ देणाऱ्या दोन ध्रुवक काचा आडव्या-उभ्या धरून मधून बघितला की पूर्ण काळोख, बशी कशीही फिरवा. अ‍ॅसिडात उकळला तरी ढिम्म. हा गाहनाइट. स्पिनेल नावाच्या कुळातला जस्ताचा खडा. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम प्राणवायूशी इतक्या घट्ट गाठीने बांधलेले की साध्या उपायांनी गाठ सुटत नाही.

तो सापडतो मोजक्या ठिकाणी. मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटी शिरांमध्ये अधूनमधून, आणि जस्ताचं धातुक कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात भाजून, दाबून निघालं असेल तिथे. या दुसऱ्या ठिकाणी त्याला मोल येतं. जस्ताचं नेहमीचं धातुक गंधकाशी जोडलेलं, तपकिरी, मऊ असतं. उघड्यावर आलं की ते गंजतं, विरघळतं, वाहून जातं. डोंगरावर त्याची खूण उरत नाही. गाहनाइट उरतो. ओढ्याच्या वाळूत तो सापडला तर समजावं की वर कुठेतरी जस्त असू शकतं.

मूळ गोष्टीच्या अकरा वर्षं आधी एका दुपारी सर्वेक्षणातला एक तरुण घाम पुसत मोरीवर हात धुवायला आला आणि हात धुऊन झाल्यावर उगाच बाईंच्या खांद्यावरून वाकून बघू लागला. नमुने त्यानेच आणले होते.

“हे काळं काय आहे?”

“काळं नाही, हिरवं आहे. गाहनाइट.”

“खात्री?”

“तुम्ही तुमच्या बायकोला ओळखता ना?”

“लग्न नाही झालं अजून.”

“मग तुम्हाला नाही कळायचं,” दाणेबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी जरा फिरवली. “कोपरे बघा. धार आहे. लांबून घरंगळत आला असता तर कोपरे मेले असते. हा जवळचाच आहे. ओढ्याच्या डाव्या फाट्याने वर जा.”

तो डाव्या फाट्याने वर गेला. दोन दिवसांनी जिथे पोहोचला तिथे पुढे अठ्ठावीस बोअर मारले गेले. शोधावर त्याने प्रबंध लिहिला, आणि प्रस्तावनेत ‘प्रयोगशाळेतील सहकार्याबद्दल आभार’ मानले. दाणेबाईंनी ती ओळ वाचली. प्रयोगशाळेत आपणच बसतो, तेव्हा हे आपल्यालाच, असा त्यांनी हिशेब लावला आणि दोन दिवस त्या खुशीत होत्या. तो तरुण पुढे साहेब झाला. साहेबांच्या खोलीला स्वतःची मोरी असते, त्यामुळे त्याचं येणं थांबलं.

आता मूळ गोष्ट.

दाणेबाई धाकट्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहत. खाली भाऊ आणि भावजय, वर ताई. भाऊ शहराच्या बस डेपोत मुख्य मेकॅनिक होता, एकोणीस वर्षांची पक्की नोकरी. फाटकातून बस आत यायच्या आधी नुसत्या आवाजावरून तो सांगे, हिचा गिअरबॉक्स आठवडाभराचा सोबती. घरात मात्र त्याला पंख्याचा आवाज ऐकू येत नसे, असं भावजयीचं म्हणणं होतं. डोंगरावर खाण निघणार, पायथ्याशी धातुक वेगळं करणारा प्लांट बसणार, हे नक्की झालं आणि प्लांटला देखभालीचा फोरमन हवा म्हणून जाहिरात आली. भाऊ मुलाखत देऊन आला, निवडला गेला, आणि डेपोत राजीनामा देऊन घरी आला. डेपोचा नियम असा की दिलेला राजीनामा तीस दिवसांत मागे घेता येतो. एकतिसाव्या दिवशी माणूस परका.

राजीनाम्याच्या आधी आठ महिने बोअरमधून काढलेल्या खडकाचे चाळीस नमुने कुटून दाणेबाईंच्या टेबलावर आले होते. त्यांनी मोजायला घेतले आणि पहिल्याच बशीत त्यांचा हात थबकला. तपकिरी धातुक होतं, पण बेताचंच. हिरवे दाणे मात्र शंभरात आठ. दुसऱ्या बशीत सात. तिसऱ्यात नऊ.

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावर रसायन विभागातले एक गृहस्थ तोच खडक तपासत होते. ते दिवसभर भट्टीशी असत म्हणून त्यांना भट्टीवाले म्हणत. पहिल्यांदा त्यांनी खडकाची पूड अ‍ॅसिडात विरघळवली. जस्त निघालं शेकडा एक पूर्णांक सहा. आकडा वर गेला आणि ‘पुन्हा बघा’ असा खाली आला. मग त्यांनी निकेलच्या मुशीत तीच पूड सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवली. या उपायापुढे कोणाचंच काही चालत नाही. गाहनाइटची गाठही सुटते. आकडा आला चार पूर्णांक एक. हा वर गेला तो वरच राहिला.

दाणेबाई जिना उतरून खाली गेल्या. वर्षातून एखाद्या वेळीच त्या खाली जात.

“भट्टीवाले, आधी दीड आणि आता चार. मधले अडीच आले कुठून?”

“अ‍ॅसिड कमी पडलं होतं, बाई. खडकच चिवट.”

“खडक नाही चिवट. त्यातला एक दाणा चिवट आहे. तुमच्या अ‍ॅसिडात जो सुटला नाही, तो प्लांटमध्ये फेसावर येणार आहे का?”

इथे सांगायला हवं की प्लांटमध्ये खडकाची पूड पाण्यात घालून, औषधं मिसळून, हवा फुंकून फेस काढतात. तपकिरी धातुक त्या फेसाला चिकटून वर येतं आणि काढून घेतलं जातं. गाहनाइट चिकटत नाही. तो बाकी गाळाबरोबर तळाशी जातो, आणि चुकून वर आलाच तरी पुढच्या भट्टीत जस्त सोडत नाही.

“प्लांट हा माझा विषय नाही,” भट्टीवाले म्हणाले. “मला विचारलं, खडकात जस्त किती. मी सांगितलं. चूक सांगितलं?”

“बरोबर सांगितलंत.”

“मग?”

“मग काही नाही. तिजोरीची किल्ली नाही, पण आतला माल धरून माणूस श्रीमंत आहे म्हणालात, एवढंच.”

भट्टीवाले हसले. त्यांना वाटलं, बाईंनी विनोद केला.

मोजणीच्या तक्त्याला सात रकाने होते: तपकिरी, पिवळा, काळा, लाल, पांढरा, इतर, शेरा. तक्ता बाईंच्या आधीच्या काळात कोणीतरी छापून घेतला होता आणि त्या कोणाला हिरवं काही माहीत नव्हतं. म्हणून हिरवे दाणे गेले ‘इतर’मध्ये: आठ. आणि सातव्या रकान्यात दाणेबाईंनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: ‘इतर म्हणजे गाहनाइट. यातले जस्त प्लांटमध्ये सुटणार नाही. एकूण जस्ताचा साठ टक्के भाग यात अडकला आहे. प्लांट उभारण्याआधी पुन्हा तपासावे.’ चाळीस तक्ते, चाळीस वेळा तेच, खाली चाळीस सह्या. सही करताना त्यांना जरासुद्धा धाकधूक वाटली नाही. जे होतं ते लिहिलं होतं. लिहिलेलं कोणीतरी वाचणारच, अशी त्यांची समजूत होती. बत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढूनही ती शाबूत राहिली होती.

भावाने एक तारखेला राजीनामा दिल्याचं त्यांना चार दिवसांनी जेवताना कळलं.

“विचारलं नाहीस?” त्या म्हणाल्या.

“तुला काय विचारायचं, ताई? तुझ्या वाळूत बसेस चालतात का?”

“तो प्लांट चालणार नाही. वर्ष-दीड वर्ष काढेल फार तर.”

भावजयीने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला. “ताईंना डेपोच्या ग्रीसचा वास आवडतो. कपडे मी धुते ना.”

“तू थांब गं जरा,” भाऊ म्हणाला. “ताई, सगळं गाव म्हणतंय चार टक्के.”

“गाव मोजत नाही. मी मोजते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. हिरवा दाणा, त्याची गाठ, फेस, गाळ. भाऊ मेकॅनिक होता. न सुटणारी गाठ म्हणजे काय हे त्याला कळत होतं. गंजलेला नट आयुष्यभर पाहिला होता त्याने. त्याने ताट बाजूला सरकवलं.

“माझ्या पोटावर पाय देतेयस तू, कळतंय ना?”

“पोट तुझं, पायही तुझाच आहे. मी नुसती बघतेय.”

“बरं, एक सांग. हे तू लिहून दिलंयस?”

“चाळीस वेळा.”

“मग छापून येईल ना? अहवाल या महिन्यात निघणार म्हणतात. त्यात हे तुझं हिरवं प्रकरण छापलेलं दाखव, त्याच दिवशी जाऊन राजीनामा मागे घेतो. शब्द दिला.” भावजयीकडे बघून तो म्हणाला, “आणि ग्रीसचे कपडे मी धुईन.”

“वा!” भावजय म्हणाली. “मग तर मीच छापून आणते.”

त्या दिवशी घरात तिघंही हसले. तारीख पाच होती. मुदत तीस तारखेला संपत होती.

अहवाल सव्वीसला आला. निळं पुठ्ठ्याचं वेष्टन, आत नकाशे, घड्या घालून. दाणेबाईंनी मोजणीचं परिशिष्ट उघडलं. चाळीस नमुन्यांचे चाळीस तक्ते एकाखाली एक, स्वच्छ टाइप केलेले. तपकिरी, पिवळा, काळा, लाल, पांढरा, इतर. इतर: आठ, सात, नऊ, आठ. त्यानंतर कागदाची कड. प्रत्येक तक्त्याखाली ‘सही/-’ आणि त्यांचं पदनाम.

त्या टंकलेखकाकडे गेल्या. हा मनुष्य सज्जन होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

“शेरा कुठे गेला?”

“शेरा टाइप करत नाही आपण, बाई.”

“कधीपासून?”

“मी आल्यापासून तरी नाही. माझ्या आधीचेही करत नसत. पानावर सहा रकाने बसतात. सातवा घेतला की बाहेर जातो.”

“आणि सही बसते?”

“सही खाली येते ना. तिला रकाना लागत नाही.”

“मग शेरे जातात कुठे?”

“मूळ कागदावर असतात की. सुरक्षित.”

“मूळ कागद कोण वाचतं?”

टंकलेखकाने प्रामाणिकपणे विचार केला. त्याच्या कपाळावर आठी पडली, गेली. “सुरक्षित असतात,” तो पुन्हा म्हणाला.

दाणेबाई तिथून अहवालांच्या कपाटाशी गेल्या. त्यांनी सगळ्यात खालच्या फळीपासून सुरुवात केली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका नमुन्यावर शेरा लिहिला होता, ‘पिशवी फाटलेली, शेजारच्या नमुन्याशी सरमिसळ झाली असावी’. तो नव्हता. ‘हे लाल दाणे गार्नेट नाहीत, पुन्हा पाहावेत’, हा नव्हता. ‘हा नमुना ओढ्याचा नसून बांधकामाच्या वाळूचा दिसतो’, हा तर त्यांना चांगला आठवत होता, लिहिताना हसू आलं होतं. तोही नव्हता. डाव्या फाट्याच्या वाळूवरचा शेरा, ‘कोपरे धारदार, उगम जवळ’, नव्हता. तो ओढा सापडला तो एका माणसाला हात धुवायचे होते म्हणून. बत्तीस वर्षांचे अहवाल त्यांनी उभ्याने चाळले. जेवणाची सुट्टी कधी सुरू झाली आणि कधी संपली, त्यांना कळलं नाही. मग त्यांनी कपाट लावलं, ब्रश धुतला आणि त्या साहेबांकडे गेल्या.

“बसा, बाई,” साहेब म्हणाले. साहेब ‘बसा’ म्हणाले की काम होत नाही, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दाणेबाई बसल्या नाहीत.

“अहवालात गाहनाइट नाही, साहेब.”

“‘इतर’मध्ये आहे की.”

“‘इतर’ वाचून कोणाला काय कळणार?”

“बाई, गाहनाइट काय ते मला माहीत नाही का? माझा प्रबंध आहे त्याच्यावर.”

“म्हणूनच तुमच्याकडे आले.”

साहेबांनी पेन बंद केलं. “जस्त असतं ना त्यात?”

“असतं.”

“किती?”

“शंभरात तीस-पस्तीस.”

“मग? खडकात चार टक्के जस्त आहे असं आपण लिहिलं. अहवालातलं एक वाक्य खोटं दाखवा, आत्ता तुमच्यासमोर खोडतो.”

“वाक्य खोटं नाही. एक वाक्य कमी आहे.”

“कमी असलेल्या वाक्याबद्दल तरतूद नाही,” साहेब म्हणाले. यात त्यांचा कुत्सितपणा नव्हता. खरंच तरतूद नव्हती. “पुरवणी टिपण निघू शकतं. पण ते रसायन विभागाकडून यायला हवं. त्यांनी मागणी करायची, मग नमुने पुन्हा कुटायचे, मग तुम्ही मोजायचं…”

“चार दिवसांत होईल?”

“चार महिन्यांत झालं तर मी पेढे… म्हणजे, मला आनंदच होईल.”

“मग तुम्ही एक ओळ हाताने लिहून द्या. तुमच्या सहीने. मी कोणाला दाखवणार नाही. घरात फक्त. माझा धाकटा भाऊ तिथे फोरमन म्हणून…”

“तुमचे बंधू का ते?” साहेब उभे राहिले. “अरे वा! अभिनंदन, बाई. चांगली माणसं मिळताहेत म्हणायची प्लांटला.”

एकोणतीस तारखेला संध्याकाळी दाणेबाईंनी छापील अहवाल घरी नेला, आणि मूळ तक्त्यावरचा शेरा एका कागदावर उतरवून तोही नेला. मूळ तक्ता बाहेर न्यायला मनाई होती. मनाई आहे म्हणून त्यांनी तो नेला नाही. ब्रशाचा नियम सोडला तर आयुष्यात नियम मोडायची एवढी एकच वेळ त्यांच्यावर आली होती, आणि त्यांनी तो पाळला.

भावाने अहवाल मांडीवर घेतला. काळ्या तेलाच्या रेघा नखांत कायमच्या बसलेल्या बोटांनी पानं उलटली.

“कुठे आहे?”

“छापलं नाही. पण लिहिलं होतं ते हे.” त्यांनी कागद पुढे केला.

“हे तू आज लिहिलंस.”

“आठ महिन्यांपूर्वी लिहिलेलं आज उतरवून आणलंय.”

“आणि हे?” त्याने छापील पानावर बोट ठेवलं. “इथे सही कोणाची?”

“माझी.”

“चाळीस वेळा?”

“चाळीस.”

“मग ताई, मी तुझं ऐकू की तुझ्या सहीचं?”

दाणेबाईंनी उतरवून आणलेल्या कागदाची घडी घातली. दाण्याबद्दल विचारलं असतं तर कितीही बोलल्या असत्या. भावजय दारात उभी होती. ती एरवी अशा वेळी काहीतरी फटकन बोलायची. त्या दिवशी ती आत जाऊन ताटं वाढू लागली. तीस तारखेला भाऊ नेहमीसारखा उठला, दाढी केली, आणि डेपोत गेला नाही.

प्लांट वर्षभरात उभा राहिला. उद्घाटनाला फीत कापली गेली, आणि साहेबांनी भाषणात ओढ्याच्या डाव्या फाट्याची गोष्ट सांगितली, फार रंगवून. देखभाल उत्तम होती. चौदा महिन्यांत एक पंप बंद पडला नाही, एक पट्टा तुटला नाही. हे चौकशीच्या कागदांतही आहे. फेस येई, फेसाबरोबर दीड टक्का जस्त येई, आणि उरलेलं नळातून गाळाच्या तलावात जाई. आधी औषध बदललं. मग पूड अजून बारीक केली. मग हवा वाढवली. मग फेसावरचा माणूस बदलला. दाणा बदलत नव्हता.

नवव्या महिन्यात एका रविवारी भाऊ जेवणाचा रिकामा डबा घेऊन वर आला. बरेच दिवसांनी जिना चढला होता. डबा त्याने ताईच्या खिडकीत ठेवला आणि झाकण काढलं. आत तलावाच्या काठचा वाळलेला गाळ होता, मुठीएवढा.

“बघ.”

दाणेबाईंनी भिंग काढलं, उजेडाकडे वळल्या आणि बोटाने गाळ पसरला. उन्हात कडा हिरव्या लागल्या. आठ बाजू, धारदार कोपरे, ओरखडा नाही. इतका सुंदर नमुना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो त्यांना सुंदर दिसला याची त्यांना त्या क्षणी लाज वाटली.

“तोच?”

“तोच.”

“किती आहे?”

“मोजावं लागेल.”

“मोजू नकोस,” भाऊ म्हणाला. त्याने झाकण लावलं आणि डबा घेऊन तो खाली गेला.

प्लांट बंद झाला त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. डेपोतली त्याची जागा केव्हाच भरली गेली होती आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला नव्याने घेत नव्हते. तो खुर्चीत बसला आणि बूट न काढता म्हणाला, “तू सही करायला नको होतीस, ताई.”

“मी सांगितलं होतं तुला.”

तेव्हा भावजय बोलली. लग्न होऊन आल्यापासून ‘ताई’ म्हणणारी ती त्या दिवशी ‘वन्सं’ म्हणाली. “सांगितलंत, वन्सं. सांगणं वेगळं. तुम्हाला ठाऊक होतं ना? मग दार अडवून उभं राहायचं. आम्ही नसतं का ऐकलं?”

नसतं ऐकलं, हे तिघांनाही माहीत होतं. पण ते म्हणायचं कोणी?

चौकशी समिती तीन दिवस विश्रामगृहात बसली. तिने निष्कर्ष काढला की खडकातील जस्ताचा मोठा भाग गाहनाइट या खनिजात बद्ध असून ही बाब समितीच्याच प्रथम निदर्शनास आली आहे. साहेबांवर ठपका नव्हता. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं. भट्टीवाल्यांचा आकडा अचूक म्हणून वाखाणला गेला. दाणेबाईंना ज्ञापन आलं: ‘सदर कर्मचाऱ्याने गाहनाइटचे दाणे “इतर” या संदिग्ध सदराखाली दर्शवून त्याबाबत वरिष्ठांस अवगत न केल्याचे दिसून येते. तरी याबाबतचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ बाईंनी तीन शब्दांत खुलासा दिला: ‘मूळ शेरा पाहावा.’ त्यावर कळवण्यात आलं की मोजणीचे मूळ तक्ते दोन वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम असून त्यानुसार ते यथावकाश नष्ट करण्यात आले आहेत. टंकलेखकाने हे पत्र टाइप केलं आणि बाईंकडे स्वतः नेऊन दिलं. देताना तो खाली बघत होता.

साहेबांनी पुढे गाहनाइटयुक्त खडकाच्या मूल्यमापनातील धोके या विषयावर व्याख्यान दिलं. लोकांनी टिपणं काढली. भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खासगी गॅरेजमध्ये लागला. तिथला मालक त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान होता आणि त्याला ‘मामा’ म्हणायचा.

दाणेबाईंना एक सौम्य समज देण्यात आली, ती सेवापुस्तकात लाल शाईने आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना कार्यालयाचं पत्र मिळालं. त्यात म्हटलं होतं की त्यांनी प्रदीर्घ काळ निष्ठेने व अचूकतेने सेवा बजावली असून विभाग त्यांचा कृतज्ञ आहे, आणि त्यांचे उर्वरित आयुष्य कुटुंबीयांच्या प्रेमळ सहवासात सुखसमाधानाने व्यतीत होवो.

खाली दीड वर्षापासून कोणी त्यांच्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट दोन वेळा जिन्याच्या चौथ्या पायरीवर झाकून ठेवलेलं असतं.